श्रोणिमापन आणि अडलेले बाळंतपण

संस्कृत काव्यात ‘श्रोणी’ हा शब्द प्रामुख्याने सौंदर्यवर्णनासाठी येतो. नायिकेचे विशाल नितंब आणि त्यांच्या भाराने मंदावलेली तिची चाल हा त्या परंपरेतील रूढ संकेत होय. वैद्यकाने हाच शब्द अस्थींच्या एका वलयासाठी स्वीकारला. मूल या वलयातून वाट काढीत जन्मास येते. मात्र कवींनी वर्णिलेली रुंदी बाहेरची, तर वैद्यास हवी असलेली रुंदी आतली. एकीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही.

मराठी बोली ‘बाई अडली’ एवढेच म्हणते. ‘अडणे’ या क्रियापदात दोष कोणाचा, मुलाचा, वाटेचा की वेणांचा, हे सांगितलेले नसते. सुश्रुतसंहितेतील ‘मूढगर्भ’ ही संज्ञा मात्र लक्ष गर्भाकडे वळवते. तेथील कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ हे चार प्रकार गर्भ कोणत्या स्थितीत अडकला आहे यावरून पाडलेले आहेत. परिघ म्हणजे दाराचा अडसर. वाटेच्या मापास त्या वर्गीकरणात स्थान नाही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयास सादर केलेला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता आणि त्यात आयुर्वेदीय ग्रंथांबरोबरच अमेरिकन पाठ्यपुस्तकांचाही आधार घेतलेला होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या स्त्रीने हा विषय निवडावा, यास केवळ विद्याव्यासंग म्हणणे कठीण आहे.

पाश्चात्त्य प्रसूतिशास्त्राने वाट मोजण्यास प्रारंभ केला तो बोटांनी. जघनसंधीच्या खालच्या कडेपासून त्रिकास्थीच्या माथ्यापर्यंतचे अंतर बोटांनी अजमावायचे आणि त्यातून दीड-दोन सेंटीमीटर वजा करायचे. उरते ते श्रोणीच्या प्रवेशद्वाराचे पुढून-मागचे माप, सामान्यतः १०.५ ते ११ सेंटीमीटर. पूर्ण वाढ झालेल्या मुलाचे डोके नीट वाकलेले असेल तर त्याचा व्यास सुमारे ९.५ सेंटीमीटर भरतो. सारा व्यवहार या एक-दीड सेंटीमीटरचा आहे.

१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर हे माप चित्रावर घेता येऊ लागले. १९३३ मध्ये कॉल्डवेल आणि मोलॉय यांनी श्रोणीच्या आकाराचे चार प्रकार मांडले आणि गर्भवतीचे क्ष-किरण चित्र काढणे ही अनेक रुग्णालयांत सवयीची गोष्ट झाली. पुढे १९५६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या मातांकडे चौकशी केली, तेव्हा गर्भावस्थेत अशी चित्रे काढलेल्या मुलांत हा रोग अधिक आढळला. त्यांचे निष्कर्ष प्रारंभी अनेकांनी नाकारले. १९६२ मध्ये अमेरिकेत मॅकमॅहन यांनाही जवळपास ४० टक्के वाढ दिसली, आणि मग हात आवरते घेतले गेले.

कमी किरणांच्या साधनांचा शोध या धास्तीतून पुढे गेला. १९८५ च्या सुमारास चुंबकीय अनुनाद-प्रतिमांकनाने श्रोणी मोजता येते असे दिसून आले. त्यात क्ष-किरण मुळीच नसतात, पण यंत्र महाग असते. सी. टी. स्कॅनची मात्रा घटवून माप घेण्याची पद्धतही रूढ झाली. याहून निराळे साधन फ्रान्समध्ये सिद्ध झाले. अणुकणांचा माग काढणाऱ्या शोधकयंत्राबद्दल १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे जॉर्ज शार्पाक यांच्या कार्यातून ते उद्भवले. त्यात किरणांची एक पातळ पट्टी शरीरावरून सरकत जाते आणि समोरून व बाजूने अशी दोन चित्रे एकाच वेळी उमटतात. शोधक अतिशय संवेदनशील असल्याने थोडे किरण पुरतात.

मात्रेचा प्रश्न असा बराचसा सुटला. मापाच्या अर्थाचा प्रश्न मात्र सुटला नाही. क्ष-किरण श्रोणिमापनाच्या पाच चाचण्यांचा, एकूण १,१५९ स्त्रियांचा, एकत्रित आढावा २०१७ मध्ये अद्ययावत झाला. माप घेतलेल्या स्त्रियांत शस्त्रक्रियेने प्रसूती होण्याचे प्रमाण वाढले. माता-बालकांस त्याचा लाभ झाल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. यात आश्चर्य नाही. चित्र स्थिर असते. वेणांच्या काळात सांधे सैलावतात, मुलाच्या कवटीची हाडे एकमेकांवर किंचित सरकतात, आई बसली किंवा कुशीवर वळली तरी मापे बदलतात. चित्रातील ‘अरुंद’ हा शब्द मात्र कागदावर कायम राहतो. त्या एका शब्दावरून पहिल्या वेळी पोट फाडले गेलेल्या अनेक स्त्रिया पुढल्या खेपेस नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या आहेत. मूल पायाळू येत असताना, किंवा अपघातात श्रोणीचे हाड मोडलेले असताना, हे माप विचारात घेण्यास निश्चित आधार आहे. सरसकट प्रत्येकीसाठी नाही.

श्रोणी अरुंद का होते, हा याहून जुना प्रश्न. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२० च्या दशकात अस्थिमृदुतेचा संबंध पडद्याशी जोडला. घरात कोंडलेल्या स्त्रियांची हाडे सूर्यप्रकाशाअभावी मऊ पडून श्रोणी चेपली जाई. उन्हात वल्हे मारणाऱ्या नावाड्यांच्या बायका मात्र सहज बाळंत होत.

रायपूरच्या उत्तरेस उरला ही लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची वसाहत आहे. हा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. छत्तीसगढीतील ‘जचकी’ आणि ‘सुइन’ हे शब्द मराठी माणसास परके वाटत नाहीत. तेथील मजूर स्त्रीच्या गर्भारपणात पहिले माप किरणांचे नसते. भिंतीशी उभी करून घेतलेल्या उंचीचे असते. १४० सेंटीमीटरहून कमी उंची ही धोक्याची खूण मानून अशा स्त्रीची प्रसूती रुग्णालयात व्हावी, असा प्रघात आहे. तेथवर तिची सोबत करते ती मितानिन. छत्तीसगढीत ‘मितान’ हे विधिपूर्वक जोडलेल्या मैत्रीचे नाव. राज्याने २००२ मध्ये आरोग्यसेविकांसाठी तेच उचलले. उंचीची नोंद ती रुग्णालयास सांगते. वाट खरोखर पुरेशी आहे की नाही, हे वेणा सुरू झाल्यावर कळते.