लंबकाचा हिशेब
सुमारे १ मीटर लांबीचा साधा लंबक एक आंदोलन पुरे करण्यास जेमतेम २ सेकंद घेत असल्यामुळे, शाळेतील प्रयोगात विरामघड्याळाची कळ दाबताना बोटाकडून ०.२ सेकंदाची कसर राहिली, तर आवर्तकालात १० टक्के आणि त्याच्या वर्गावर अवलंबून असणाऱ्या गुरुत्वत्वरणात सुमारे २० टक्के त्रुटी शिरते. तीच कसर २० आंदोलनांवर विभागली, की गुरुत्वत्वरणातील त्रुटी सुमारे १ टक्क्यावर येते. परंतु लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न धरता वरच्या कडेपर्यंतच धरली, तर ती चूक दर खेपेस एकाच दिशेने हजेरी लावते आणि शेकडो मोजमापांची सरासरीही तिचा बंदोबस्त करू शकत नाही. म्हणूनच गुरुत्वत्वरणाचा अपेक्षित ९.८ चा आकडा वहीत दाखल करण्यापेक्षा, हाती आलेले उत्तर अनिश्चिततेसह नोंदविण्यात विद्यार्थ्याचे इमान दिसते.