मुंबईची माया

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात निमगाव सावा हे गाव आहे. सह्याद्रीच्या कड्यालगत कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येता येता विरळ होतो, आणि या बाजूच्या गावांना पूर्वी बाजरी, मठ, हुलगे यांवरच गुजराण करावी लागे. अशा मुलखातील मनुष्य पोटासाठी बाहेर पडला तर त्यात नवल नाही. नवल आहे ते पुढेच. पोटासाठी गेलेला हा मनुष्य परमुलखात रमला. मात्र गावी आल्यावर त्याने ही गोष्ट क्वचितच मोकळेपणी कबूल केली.

परमुलूख म्हटला म्हणजे आज विमानाने गाठावयाचे शहर डोळ्यांपुढे येते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जुन्नर-आंबेगावकडील शेतकऱ्याला परका मुलूख म्हणजे मुंबई. वाट मात्र जुनीच होती. सातवाहनांच्या काळापासून जुन्नरचा व्यापार नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदराकडे जात असे. जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही घाटाच्या तोंडाशी उभा आहे. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, 1863 साली रेल्वे भोरघाट चढली, आणि 1876 ते 1878 च्या दुष्काळाने दख्खनची गावेच्या गावे हलविली. मग घाटवाटेने मालाऐवजी माणसे खाली उतरू लागली. 1911 च्या शिरगणतीत मुंबईतील दर पाच माणसांपैकी सुमारे चार माणसे शहराबाहेर जन्मलेली आढळली.

ही माणसे राहात कशी? दहा-बारा फुटांच्या एका खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाल्याने तीच पथारी पसरावयाची. जेवण खाणावळीत, आणि ती खाणावळ बहुधा गावाकडच्याच एखाद्या बाईने चालविलेली. गिरणीत गेल्याबरोबर काम मिळे असेही नव्हे. भोंग्याच्या वेळी दरवाजाशी उभे राहून बदलीची वाट पाहावयाची, मुकादमाची मर्जी सांभाळावयाची, आणि नाव पुकारले गेले नाही तर मुकाट्याने परत फिरावयाचे. 1896 साली प्लेग आला तेव्हा लक्षावधी लोक शहर सोडून पळाले. विशेष हे की साथ ओसरताच पुष्कळसे पुन्हा परतले. गावी धान्य नव्हते हे एक कारण खरेच. पण तेवढेच कारण होते असे म्हणवत नाही.

शहराची पहिली मोहिनी म्हणजे पगाराचा दिवस. शेतकऱ्याच्या हाती पैसा येई तो सुगीला, आणि तोही सावकाराच्या वहीतून गाळून. येथे महिना भरला की नाणी मोजून हातावर पडत, आणि त्यांतील चार आण्यांचे काय करावयाचे हे वडील, भाऊबंद वा पाटील यांपैकी कोणासही विचारावे लागत नसे. दुसरी मोहिनी घड्याळाची. गिरणीचा दिवस भयंकर लांब असे. 1911 च्या कायद्याने पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, 1922 मध्ये ती अकरा झाली, 1934 मध्ये दहा, आणि 1948 च्या कायद्यात कमाल नऊ तासांचा दिवस व अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा होता. पण भोंगा झाला की उरलेला वेळ मजुराचा स्वतःचा. गुरांना वैरण घालावयाची नाही, मोटेला बैल जुंपावयाचे नाहीत. ही मोकळीक ज्याने कधी भोगली नाही त्यास तिची गोडी शब्दांनी सांगून कळावयाची नाही.

मग त्या वेळात काय नव्हते! 1907 पासून विजेवर धावणारी ट्राम, इराण्याच्या दुकानातला चहा, चाळीच्या कट्ट्यावर एकाने मोठ्याने वाचावयाचे व दहांनी ऐकावयाचे वर्तमानपत्र, परळच्या दामोदर हॉलमधील कामगारांची नाटके, गावकऱ्यांची भजनी मंडळे आणि लेझमीचे फड. पठ्ठे बापूराव व त्यांच्यानंतर अण्णाभाऊ साठे या दोघांनीही मुंबईवर लावण्या रचल्या. पहिल्याला नगरीचा थाट दिसला, दुसऱ्याला तिच्यातील दैन्य. मजुराला दोन्ही पटत, कारण तो दोन्ही रोज पाहात असे.

गर्दीत कोणी कोणास ओळखत नाही, हे शहराचे वैगुण्य म्हणून सांगितले जाते. ज्याला गावात नावाआधी जात विचारली जाई, त्याला मात्र हेच वैगुण्य वरदान वाटे. तथापि हे वरदानही अपुरेच होते. साचेखात्यात धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्या निमित्ताने अस्पृश्य मजुरांना त्या अधिक पगाराच्या खात्यात शिरू देत नसत. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अन्याय उघडपणे मांडला. शहराने सर्वांना ट्राममध्ये शेजारी बसविले, पण साच्यावर बसविले नाही.

या मायेची किंमत मोजली ती बहुतांशी गावाकडच्या बाईने. 1921 आणि 1931 या दोन्ही शिरगणत्यांत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या. म्हणजे त्या गावी होत्या: शेत राखीत, सासूसासरे सांभाळीत, आणि पोस्टमनच्या हातच्या मनिऑर्डरीची वाट पाहात. घरधनी शिमग्याला किंवा गावच्या जत्रेला पंधरा दिवस यावयाचा. अंगात इस्त्रीचा सदरा, हाती पत्र्याची ट्रंक, आणि तोंडी मुंबईच्या कष्टांचे पाढे. कष्ट खोटे नव्हते. परंतु रजा संपण्याआधीच त्याचे पाय वळवळू लागत, हे त्या बाईच्या नजरेतून सुटत नसे. त्याला शहर आवडते हे त्याच्याआधी तिला कळलेले असे, आणि बोलून उपयोग नाही हेही. बिऱ्हाड मुंबईस नेण्याइतका पगार फार थोड्यांनाच होता.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि हजारो माणसे ट्रंका उचलून घाटावर परतली. ज्या शहरावर जीव जडला त्याने साधा निरोपही दिला नाही. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज बाजारपेठ उभी आहे.

इकडे गावही पूर्वीचे राहिले नव्हते. कुकडी प्रकल्पातील येडगावच्या धरणाने आणि कालव्यांनी पूर्व जुन्नरच्या पुष्कळ शिवारांत पाणी खेळविले. बाजरीच्या जागी ऊस, कांदा, टोमॅटो आले. परतलेल्यास काम होते, आणि आपल्या घरी तो पाहुणाही नव्हता. तरी ज्या बाईने तीस वर्षे वाट पाहिली तिला आता दिवसभर घरात बसणाऱ्या एका जवळजवळ अनोळखी माणसाशी नव्याने संसार मांडावा लागला. त्याला चहा कपातून लागे, वर्तमानपत्र सकाळीच लागे, आणि दिवे लागणीनंतरचा गावचा काळोख त्याला सोसत नसे.

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरलेल्या गाड्या मुंबईच्या वाटेला लागतात. गाडीत चालकाशेजारी एक जागा बहुधा रिकामी असते. आणि मालाचा भाव समक्ष पाहून येतो असे सांगून त्या जागेवर चढून बसणारा वृद्ध बाप घरच्यांनी पूर्वी किती वेळा अडविला असेल!