सायबर हल्ला झाला, पण नियम कोणता मोडला?

सायबर आणि आंतरराष्ट्रीय कायदा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तिथे कायदा आहेच कुठे?" आहे. २०१३ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या १५ देशांच्या तज्ज्ञगटाने (त्यात भारतही होता) मान्य केलं की आंतरराष्ट्रीय कायदा सायबर विश्वालाही लागू होतो. वाद आहे तो नेमका कसा लागू होतो याचा. तो समजून घ्यायला एकच प्रकरण नीट धरा: नॉटपेट्या.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून हे मालवेअर सुटलं. स्क्रीनवर खंडणी मागायचं, पण पैसे भरूनही फाइल्स परत मिळायची सोयच नव्हती. म्हणजे हेतू वसुलीचा नाही, नासधुशीचा. ते युक्रेनबाहेर पसरलं, मर्स्क या जहाज कंपनीत घुसलं आणि आपल्या न्हावा-शेव्याला जेएनपीटीमधल्या तिच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. मर्स्कने सांगितलेलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलर. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने रशियन लष्कराकडे बोट दाखवलं. रशियाने इन्कार केला.

समजा, आरोप खरा. मग मोडला कोणता नियम? सनदेच्या कलम २(४) मधली बळाच्या वापराची बंदी? हजारो संगणक निकामी होणं हे बॉम्ब पडण्यासारखं मानायचं का, यावर एकमत नाही. मग हस्तक्षेपबंदी? निकाराग्वा खटल्यात (१९८६) आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हणालं की बेकायदा हस्तक्षेपाचा गाभा जबरदस्ती हा आहे. नॉटपेट्याने युक्रेनला कोणता निर्णय घ्यायला भाग पाडलं? सांगणं अवघड.

उरतं सार्वभौमत्व, आणि खरी गंमत इथेच आहे. फेब्रुवारीत ब्रिटन म्हणालं की या हल्ल्यात युक्रेनच्या सार्वभौमत्वाची पर्वा केलेली नाही. मे महिन्यात त्याच सरकारचे अॅटर्नी जनरल जेरेमी राइट यांनी भाषणात सांगितलं की सायबर कारवायांपुरता 'सार्वभौमत्वभंग' असा स्वतंत्र नियम आजच्या कायद्यात नाही. ते एक तत्त्व आहे. फ्रान्स आणि नेदरलँड्सने २०१९ मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली.

हा शब्दांचा खेळ नाही बरं का. नियम मोडला असेल तरच पीडित देशाला प्रत्युपाय करता येतात, म्हणजे एरवी बेकायदा ठरेल असं उत्तर कायद्याने देता येतं. नियमच नसेल तर हातात उरतात निषेध, निर्बंध आणि आरोपपत्रं. नॉटपेट्याबाबत जाहीरपणे तेवढंच झालं. २०२० मध्ये अमेरिकेने सहा रशियन लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. मला तर वाटतं, ब्रिटनला दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरायची स्वतःची मोकळीक राखायची होती.

या विषयात शिरणार असाल तर टॅलिन मॅन्युअल वाचालच. २०१७ च्या आवृत्तीत १५४ नियम आहेत, पण ते तज्ज्ञांनी लिहिलेत, देशांनी नाही. विज्ञानाकडून येणाऱ्यांना ते हँडबुकसारखं वापरायचा मोह होतो. तो टाळा आणि देशांची अधिकृत निवेदनं काढून शेजारी ठेवा. २०२४ मधली आफ्रिकन युनियनची सामाईक भूमिका आधी घ्या: ५५ देशांची संघटना सार्वभौमत्व हा बंधनकारक नियमच आहे असं म्हणते, आणि प्रथागत कायदा मोजताना हे वजन दुर्लक्षून चालत नाही.