पडताळ्याचा अंक

घरबसल्या आगगाडीचें तिकीट काढतांना आपण बँकेच्या कार्डावरील सोळा अंक यंत्रांत भरतों. त्यांत एक अंक चुकला, तर ‘क्रमांक चुकीचा’ असें उत्तर तत्काळ येतें. पुष्कळदां बँकेकडे विचारणा होण्यापूर्वींच तें येतें. यंत्रास हें कळतें कसें?

याचें रहस्य शेवटच्या अंकांत आहे. तो केवळ पडताळ्यासाठीं जोडलेला असतो. जर्मनींत जन्मलेले व अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनींत काम करणारे हान्स पीटर लून यांनीं १९५४ सालीं या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. १९६० सालीं तें त्यांस मिळालें.

रीत सोपी आहे. २७४८२ ही लहान संख्या घेऊं. उजवीकडून दुसरा, चौथा असे एकाआड एक अंक दुप्पट करावेत. उत्तर दोन अंकी आल्यास ते दोन अंक मिळवावेत. ८ ची दुप्पट १६, म्हणजे ७; ७ ची दुप्पट १४, म्हणजे ५. त्यांत उरलेले २, ४ व २ मिळविले कीं बेरीज २० होते. बेरजेच्या एकं स्थानीं शून्य आलें, कीं पडताळा जुळला.

कोणताही एक अंक चुकला, तर हें शून्य येत नाहीं. नुसती बेरीज केली असती, तर शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल लपून राहिली असती. दुपटीमुळें ती उघडी पडते: २४७८२ ची बेरीज २६ होते. ०९ च्या जागीं ९० पडल्यास मात्र ही रीत फसते. कारण दुपटीनंतरही शून्याचें शून्यच राहतें, आणि ९ चे १८, म्हणजे पुन्हां ९ च होतात.

परंतु हा पडताळा चूक पकडतो, लबाडी नव्हे. रीत सर्वांस खुली असल्यामुळें कोणतेही पंधरा अंक लिहून त्यांस जुळणारा सोळावा अंक कोणालाही काढतां येतो. डोळे मिटून लिहिलेल्या दहा संख्यांपैकीं सरासरीनें एक सहज जुळते! तें खातें अस्तित्वांत आहे काय, त्यांत पैसे आहेत काय, हें बँकच सांगूं शकते. म्हणून ‘तुमचा क्रमांक तपासला, बरोबर आहे’ असें टेलिफोनवर सांगणाऱ्या अनोळखी माणसास आपले गुप्त अंक कदापि सांगूं नयेत.

आपल्या कार्डावर हा हिशेब घरीं अवश्य करून पाहावा. कागद मात्र मागाहून फाडून टाकावा.