मावळातला वणवा आणि वळीव

मावळात फेब्रुवारी संपता संपता डोंगरउतारावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. लोणावळ्यात पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे गवतही उदंड वाढतं आणि पुढे तेच सरपण ठरतं. लोहगड-विसापूरच्या उतारांवर वणवा लागतो तो बहुधा माणसाच्या हातून: फेकलेली विडी, न विझवलेली चूल, किंवा जाळल्याने पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं हा समज. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना उडालेली ठिणगीही पुरते. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे पट्ट्यातलं गवत आधीच काढून टाकतं. तरी वाऱ्यापुढे तो पट्टा कधी कधी अपुरा पडतो. आगीत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि झाडांची कोवळी रोपं जळतात. हे नुकसान एका पावसाने भरून येत नाही.

धुराचा जाच पहाटे जास्त. रात्री जमीन लवकर निवते, थंड हवा दरीत साचते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. पवन मावळात धूर मग ऊन तापेपर्यंत हलत नाही. दमेकऱ्यांनी तोवर घरातच थांबावं.

एप्रिल-मेमध्ये तापलेली हवा वर चढते, समुद्राकडून बाष्प येतं आणि दुपारनंतर घाटमाथ्यावर ढग उभे राहतात. वळीव एका गावाला झोडपतो, शेजारचं कोरडं राहतं. म्हणून हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा इशारा पाहणं महत्त्वाचं. विजा चमकू लागल्या की गडाची तटबंदी, उघडा माथा आणि एकटं झाड सोडून खाली उतरावं.