घराला किती पडले?

गावात कुणाचे नवे घर झाले की वास्तुशांतीच्या पंगतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो, "किती पडले?" खरे उत्तर कधी मिळत नाही. मालक आकडा फुगवून तरी सांगतो, नाहीतर भाऊबंदांच्या आणि उसने मागणाऱ्यांच्या धास्तीने निम्म्यावर आणतो. त्यामानाने सरकारी आकडा बरा. कमी असतो, पण लेखी असतो. इंदिरा आवास योजनेच्या घरकुलाला १९९६ च्या ऑगस्टपासून सपाट भागात २० हजार रुपये मिळत. २००४ मध्ये त्याचे २५ हजार झाले, २००८ मध्ये ३५, २०१० मध्ये ४५, २०१३ मध्ये ७०. २०१६ मध्ये योजनेचे नाव प्रधानमंत्री आवास योजना झाले आणि रक्कम १ लाख २० हजारांवर गेली. घर मात्र फारसे वाढले नाही. आधी ते २० चौरस मीटरचे होते, मग स्वयंपाकाची जागा धरून २५ चौरस मीटरचे झाले, म्हणजे जुन्या मापात २६९ चौरस फूट.

वीस वर्षांत सहापट. "महागाई, दुसरे काय," असे म्हणून लोक हा विषय संपवतात. मला ते पुरेसे वाटत नाही. भाव वाढलेच, पण त्याहून जास्त वाढली ती विकत आणायच्या वस्तूंची यादी.

पन्नास वर्षांपूर्वीचे लातूर-धाराशिवकडचे घर आठवा. दगड शेतातला, नाहीतर ओढ्यातला. माती गावाजवळच्या पांढरीची. तुळया, वासे, कड्या बांधावरच्या बाभळीच्या, लिंबाच्या. वर मातीचे धाबे. कोकणात दगडाऐवजी चिरा आणि धाब्याऐवजी कौले. सागाची चौकट, बिजागऱ्या, खिळे, कड्याकोयंडे यांना रोख पैसे पडत. बाकी काम गवंड्याच्या हाताखाली घरच्यांनी आणि सावडीने आलेल्या शेजाऱ्यांनी करायचे. म्हणजे घर फुकट होत होते का? तसे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सुतार-लोहारांच्या श्रमाचा मोबदला बलुत्याच्या चार पायल्यांत बसवलेला असे, आणि दगड फोडणाऱ्या वडारांच्या वाट्याला काय येई ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय हे घर दरवर्षी नव्याने राखावे लागे. पावसाळ्याआधी धाब्यावर मातीचा थर, भिंतींना पोतेरा, जमिनीला सारवण. ते सगळे बायकांच्या अंगावर आणि कुठल्याच वहीत न चढणारे. लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून ही म्हण सिमेंट गावात यायच्या कितीतरी आधीची आहे.

सिमेंट आले ते परमिटावर. त्याचे भाव आणि वाटप सरकारच्या हातात होते. चार खोल्या बांधायच्या तर तहसील कचेरीत अर्ज, मग कोट्याची वाट, मग दुकानदाराचे "आज गाडी आली नाही". नियंत्रित भावाचे सिमेंट कागदावर स्वस्त होते. ज्याच्याकडे थांबायला वेळ नव्हता तो काळ्या बाजारातून उचले. या टंचाईची सत्ता किती मोठी होती ते महाराष्ट्राने १९८१-८२ मध्ये पाहिले. बिल्डरांना मिळालेले सिमेंट आणि मुख्यमंत्र्यांशी संबंधित ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध होता असा ठपका मुंबई उच्च न्यायालयाने ठेवला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. सिमेंटच्या पोत्यावरून मुख्यमंत्री जातो, हे आज बारावीतल्या पोराला सांगितले तर त्याला पटायचे नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने सिमेंट अंशतः खुले केले आणि १९८९ च्या मार्चमध्ये उरलेले नियंत्रणही उठवले. पुढे चंद्रपूरच्या चुनखडीच्या पट्ट्यातून पोती दुथडी भरून वाहू लागली. सिमेंट मुबलक झाले म्हणून स्वस्त मात्र झाले नाही. २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने संगनमताने भाव ठरवल्याबद्दल ११ सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. ते प्रकरण पुढे अपिलांच्या फेऱ्यांत फिरत राहिले.

तरीही दगडमातीचे घर सिमेंटच्या दुकानाने मारले असे मी म्हणणार नाही. ते मारले ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने. किल्लारी आणि आसपासच्या गावांत आठ हजारांच्या घरात माणसे गेली. त्यातली बहुतेक आपल्याच भिंती आणि धाब्याखाली. पावसापासून राखायला पिढ्यान्‌पिढ्या धाब्यावर माती चढवत गेले होते, तिचा थर दीड-दोन फुटांवर गेला होता. भिंती जाड होत्या, पण आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. अभियंत्यांनी तेव्हाही सांगितले की दोष दगडाचा नाही, बांधणीचा आहे. आरपार दगड घाला, पट्टा फिरवा, धाबे हलके करा, की याच भिंती तग धरतील. लोकांनी ते ऐकून घेतले आणि मनाशी ठरवले की घर बांधायचे ते कॉलमचेच. ज्याने शेजारचे घर मातीत गेलेले पाहिले त्याच्याशी वाद कसा घालणार? पण त्या दिवसापासून मराठवाड्यात घर म्हणजे आधी सळई, सिमेंट, खडी आणि वाळू. चारही विकतचे.

वाळूचेच पाहा. हजार चौरस फुटांच्या साध्या घराला ठोकळमानाने चारशे पोती सिमेंट, चार टन सळई आणि पंधरा-अठरा ब्रास वाळू लागते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ऐंशीच्या दशकात वाळूला पैसे पडत ते बैलगाडीचे आणि भरणाऱ्या माणसाचे. नदी गावाची, वाळू गावाची. पुढे शहरे वाढली, ट्रॅक्टर आले, मग हायवा आले. भीमा, गोदावरी, गिरणा, पूर्णा, वैनगंगा, साऱ्यांची पात्रे उघडी पडू लागली. नदीकाठच्या विहिरी आटल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात सांगितले की पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी, आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मंजुरीविना उपसा देशभर थांबवला. निर्णय योग्यच होते. झाले एवढेच की लिलाव रखडले, मंजुऱ्या अडकल्या आणि वाळू रात्रीची झाली. रात्रीच्या वाळूला भाव वेगळा, कारण तिच्यात रस्त्यावरच्या प्रत्येकाचा वाटा असतो. तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या वाचून हळहळणारे आणि पहाटे तीनला दारात वाळू उतरवून घेणारे लोक वेगळे नसतात.

२०२३ मध्ये राज्य सरकारने ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले आणि महाराष्ट्रदिनी श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला पहिला डेपो सुरू केला. भाव ऐकून लोक हरखले, पण वाहतूक वेगळी, ऑनलाइन नोंदणी वेगळी आणि डेपोत वाळू असण्याची खात्री नाही. दोन वर्षांत ते धोरण बदलले. २०२५ च्या नव्या धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आणि बाकीच्यांनी हळूहळू कृत्रिम वाळूकडे वळावे असा रोख आहे. दगड फोडून केलेल्या या वाळूला गवंडी सरसकट क्रश सँड म्हणतो, तिच्यावर नाक मुरडतो आणि गिलाव्याला नदीचीच मागतो. तरी स्लॅबला आता सर्रास हीच जाते.

सळईचा तडाखा अलीकडचा. करोनाच्या आधी किलोला पंचेचाळीसच्या आसपास मिळणारी सळई युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर २०२२ च्या एप्रिलमध्ये पंचाहत्तरच्या पुढे गेली. चार टनांवर किलोमागे तीस रुपये, म्हणजे एक लाख वीस हजार जादा. ज्यांचे जोते भरून झाले होते त्यांना मागे फिरता येईना. केंद्राने मे महिन्यात पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावले, भाव उतरले, नोव्हेंबरमध्ये शुल्क मागे घेतले. बड्या ठेकेदाराच्या करारात भाववाढीचे कलम असते. गावातल्या माणसाने उक्ते काम दिलेले असते तोंडी, आणि भाव वाढला की मिस्त्री यायचा बंद होतो.

करांबद्दल एकच सांगतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सिमेंट २८ टक्क्यांच्या वर्गात बसवले गेले, तंबाखू आणि महागड्या गाड्यांच्या पंगतीला. तेथून १८ टक्क्यांवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. साडेतीनशेच्या पोत्यावर हा फरक हिशेबाने सत्तावीस-अठ्ठावीस रुपयांचा.

कर्जाचा इतिहास शहरात वेगळा आणि गावात वेगळा. हसमुखभाई पारेखांनी १९७७ मध्ये एचडीएफसी काढली आणि पगारदाराला निवृत्तीच्या आधी घर मिळू लागले. पुढे आयकरात व्याजाची सूट आली. गावठाणातल्या घराला हे दार बंदच होते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर बँक पैसे देत नाही. तिला मंजूर नकाशा हवा, बिनशेती जमीन हवी. ड्रोनने गावठाण मोजून मालमत्तापत्रक देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये आली, तोवर लोकांनी आपापली पद्धत बसवली होती. कापसाच्या पैशातून जोते, उसाच्या बिलातून भिंती, सोने ठेवून स्लॅब. गिलावा पोरीच्या लग्नाच्या आधी. स्लॅबच्या वर सोडून दिलेल्या गंजक्या सळयांना परगावचा माणूस हसतो. वरच्या मजल्याचे ते कर्ज बिनव्याजी आहे, इतकेच.

खरी गंमत स्लॅब पडल्यावर सुरू होते. कोणताही ठेकेदार सांगेल, निम्मे पैसे सांगाड्याला आणि निम्मे फिनिशिंगला. जुन्या घराच्या आत विकत घेण्यासारखे जवळजवळ काही नव्हते. नंतर शहाबादी फरशी आली, मग मोझॅक, मग मोरबीच्या गुळगुळीत टाइल्स. संडास घरात आला, त्याच्यामागे सेप्टिक टँक, गच्चीवर पाण्याची टाकी, भिंतीत पाइप, वायर, बोर्ड. खिडकी लाकडाची होती ती लोखंडी झाली, मग अॅल्युमिनियमची सरकती. यातले संडास आणि नळ यांना मी एका शब्दाने उधळपट्टी म्हणणार नाही. उघड्यावर जाणे आणि हंडे वाहणे हाही जुन्या घराचा खर्चच होता, बाईने चुकता केलेला. पीओपीच्या छताबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे, पण ते विचारतो कोण? सावड संपली, पाया जेसीबी खणतो, सेंट्रिंगची टोळी परप्रांतातून येते आणि गावातला गवंडी तालुक्याच्या साइटवर असतो. या सगळ्यानंतर बेताचे फिनिशिंग धरून चौरस फुटाला सतराशे-अठराशेच्या खाली आज ठेकेदार बोलत नाही.

आता घरकुलाच्या त्या २६९ चौरस फुटांना हा भाव लावून पाहू. पावणेपाच लाखांच्या आसपास होतात. योजनेची रक्कम २०१६ पासून १ लाख २० हजारांवरच थांबलेली आहे. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौरपॅनेलला. रोजगार हमीचे ९० दिवस २०२५-२६ च्या ३१२ रुपयांच्या दराने धरले तर २८ हजार, शौचालयाचे १२ हजार. सारे मिळून बांधकामाला दोन लाखांच्या जरा आतच. कुटुंबाने स्वतः राबून आणि रंग-फरशी सोडून खर्च कितीही खाली आणला, तरी दीड-दोन लाख आपले घालावे लागतात. ते येतात ऊसतोडीच्या उचलीतून, बचत गटातून, खाजगी सावकाराकडून. अनुदानही एकरकमी येत नाही. जोते झाले की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग हप्ता. म्हणजे प्रत्येक टप्प्याचे सामान आधी आणायचे आणि पैसे मागून. तालुक्याचा व्यापारी पुढच्या हप्त्याच्या भरवशावर सिमेंट देतो, आणि उधारीच्या पोत्याचा भाव रोखीच्या पोत्यापेक्षा वेगळा असतो.