विश्लेषण : कोटणीसांच्या वाडग्यातले राळे आणि तुमच्या हातातला ‘शाओमी’... चीनमध्ये मुक्काम केलेल्यांना काय दिसले?

उलव्याहून गव्हाण फाटामार्गे जासईकडे निघाले, की जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागते. त्यातल्या अनेक कंटेनरांवर ‘कॉस्को’ ही मोठी अक्षरे दिसतात. ही चीनची सरकारी जहाज कंपनी. चीनचा माल असा रोज नवी मुंबईच्या दारात येतो. पण चिनी माणूस काय खातो, घरात काय बोलतो, मेलेल्यांची आठवण कशी काढतो, हे तिथे राहून आलेल्या आपल्या माणसाकडून ऐकायला मिळणे दुर्मीळ. चीनमध्ये वर्षानुवर्षे राहिलेल्या परदेशी लोकांनी त्या देशाचा इतिहास आणि संस्कृती कशी पाहिली, हा अभ्यासाचा मोठा विषय आहे. त्यात एक ठळक नाव सोलापूरचे आहे.

नुसते राहिल्याने देश कळतो का?

कळतोच असे नाही. याचा पुरावा मुंबईच्याच इतिहासात सापडतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईचे पारशी व्यापारी चीनला जाऊ लागले. मुंबई बंदरातून कापूस आणि पुढे माळव्याची अफू कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला, रवाना होत असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी याच चीनच्या फेऱ्यांवर आपल्या संपत्तीचा पाया घातला. काही पारशी तिथे वर्षानुवर्षे राहिले, तिथेच वारले. मकाव आणि हाँगकाँगमध्ये त्यांच्या दफनभूमी आजही आहेत.

पण त्यांना दिसलेला चीन म्हणजे नदीकाठच्या वखारींची एक ओळ. १७५७ ते १८४२ या काळात समुद्रमार्गे येणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांना कँटन सोडून दुसऱ्या बंदरात व्यापाराची मुभा नव्हती. शहराच्या तटाआत प्रवेश नाही, बायकामुलांना सोबत आणायचे नाही, हंगाम संपला की मकावला परतायचे. परदेशी माणसाला चिनी भाषा शिकवणे हादेखील गुन्हा होता. सगळा व्यवहार ठरावीक चिनी दलालांमार्फत आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले. त्यामुळे या मुक्कामातून आपल्याकडे आले ते मुख्यतः वस्तूंच्या रूपात. पारशी ‘गारा’ साडीवरचे पक्षी, पूल आणि फुलांचे भरतकाम ही त्यातली सर्वांत देखणी आठवण. ते भरणाऱ्या कारागिरांविषयी मात्र कुणी काही लिहून ठेवल्याचे फारसे दिसत नाही.

मग कोटणीसांचे वेगळेपण काय?

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधीसाठी आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले : अलाहाबादचे डॉ. मदन अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. कोटणीसांचा जन्म १९१० चा, शिक्षण मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले. सप्टेंबर १९३८ मध्ये पथकाने मुंबई सोडली.

वडील गेल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली. ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. हा पिवळ्या मातीच्या डोंगरांचा प्रदेश. माती इतकी घट्ट आणि जाड, की लोक डोंगराच्या कुशीत गुहा खोदून राहतात. त्या थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात गार राहतात. कम्युनिस्ट पक्षाची कार्यालये आणि शाळासुद्धा अशाच गुहांमध्ये चालत. चोळकर आणि मुखर्जी लवकर मायदेशी आले, पुढे अटलही आले. कोटणीस आणि बसू थांबले आणि शान्शी, चाहार आणि हबेई या प्रांतांच्या सीमेवरील लढाऊ पट्ट्यात गेले.

खरा फरक पडला तो इथे. रुग्णालय म्हणजे खेड्यातली घरे, कधी देऊळ. शत्रू जवळ आला की रुग्ण, खाटा, औषधे उचलून पुढच्या गावी जायचे. रुग्ण शेतकऱ्यांची पोरे, परिचारिका आणि मदतनीसही खेड्यातले. तिथे दुभाष्या घेऊन किती दिवस चालणार? कोटणीस चिनी शिकले. नुसते ‘कुठे दुखते’ विचारण्यापुरते नव्हे, तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवता येईल इतके. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचे नोव्हेंबर १९३९ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. ज्या परदेशी माणसाच्या आज्ञा परिचारिकेला आणि विद्यार्थ्याला चिनीत कळल्या पाहिजेत, अशा जागी ते होते. कँटनच्या वखारीत बसलेल्या व्यापाऱ्यावर अशी वेळ कधीच आली नाही.

त्याच वर्षी त्यांनी ग्वो छिंगलान या चिनी सहकारी तरुणीशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी असाच ‘हुआ’ जोडलेला होता. कोटणीसांचे नाव ‘के दीहुआ’. चिनी माणसे आजही त्यांना याच नावाने ओळखतात. बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२.

राळ्यांचा आणि फोनचा संबंध काय?

उत्तर चीनच्या त्या कोरडवाहू डोंगरपट्ट्यात भात नव्हे, राळे पिकतात. सैनिक आणि गावकरी यांचे रोजचे जेवण म्हणजे राळ्यांची पेज किंवा भात. सोलापूरकडच्या जुन्या माणसांना राळे नवे नाहीत. ज्वारी-बाजरीच्या मुलखातलेच ते धान्य. चिनी भाषेत त्याला म्हणतात ‘शाओमी’. शब्दशः अर्थ ‘बारीक तांदूळ’.

होय, अनेक वाचकांच्या हातात आहे तोच शब्द. चिनी कम्युनिस्ट सैन्य ‘राळे आणि रायफल’ यांवर लढले, असा तिथला प्रसिद्ध वाक्प्रचार आहे. कंपनीचे संस्थापक लेई चून यांनी नाव ठेवताना त्याच वाक्प्रचाराचा धागा सांगितला आहे. म्हणजे अपुऱ्या साधनांनिशी मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी लढायचे. चिनी ग्राहकाला हे नाव ऐकताच पेज, आजीचे घर आणि युद्धकाळ असे बरेच काही आठवू शकते. आपल्याला आठवते ती किंमत आणि बॅटरी. वस्तूसोबत अर्थ येत नाही, तो माणसाने आणावा लागतो.

आपल्याकडे कोटणीस कसे पोहोचले?

मुख्यतः पडद्यावरून. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ १९४६ मध्ये आला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लेखनावर तो बेतलेला होता. कोटणीसांची भूमिका खुद्द शांतारामांनी केली आणि त्यांच्या चिनी पत्नीची जयश्री यांनी. चित्रपटाने नाव घरोघरी नेले, पण त्यातला चीन इथल्या कल्पनेतला होता. डॉ. बसू यांची दैनंदिनी पुस्तकरूपाने आली ती थेट १९८० च्या दशकात. बसू यांनी पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या त्या सुयांच्या उपचाराला ही पार्श्वभूमी आहे.

चीनमध्ये कोटणीसांची स्मृती तिथल्या रिवाजानेच जपली जाते. एप्रिलच्या सुरुवातीला ‘छिंगमिंग’ हा पूर्वजांच्या समाध्या झाडून, फुले वाहून आठवण काढण्याचा दिवस येतो. आपल्या पितृपक्षाशी त्याचे नाते लगेच जाणवते. शिच्याच्वांग शहराच्या हुतात्मा स्मशानभूमीतील कोटणीसांच्या समाधीवरही तेव्हा फुले वाहिली जातात. ग्वो छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या आणि अनेकदा भारतात येऊन गेल्या. मुलगा यिनहुआ मात्र वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला.

भाषा शिकून राहिलेला प्रत्येकजण खरेच सांगतो का?

इथे सावध राहायला हवे. भाषा येणे आणि प्रेम असणे यातूनही डोळ्यांवर पट्टी येऊ शकते. न्यूझीलंडचे रेवी अ‍ॅली १९२७ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत चीनमध्ये राहिले. पण १९५९ ते १९६१ या वर्षांतल्या महाभयंकर दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली, ते चित्र त्यांच्या लेखनात सापडत नाही. बाओआनमध्ये माओंची मुलाखत घेऊन जगप्रसिद्ध झालेले अमेरिकी पत्रकार एडगर स्नो १९६० मध्ये पुन्हा चीनला गेले आणि दुष्काळ नसल्याचे लिहून बसले. याउलट अमेरिकेचे सिडनी रिटनबर्ग. पक्षाचे सदस्य, अस्खलित चिनी बोलणारे. त्याच राजवटीने त्यांना दोनदा मिळून १६ वर्षे तुरुंगात टाकले. सुटल्यावर त्यांनी स्वतःच्याच भाबडेपणाचा हिशेब मांडला, म्हणून त्यांचे लेखन अधिक कामाचे.

कोटणीसांच्या वाट्याला ही कसोटी आलीच नाही. १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्ष सत्तेत नव्हता, डोंगरात लढत होता. त्यामुळे चिनी नेते मुंबईत कोटणीस कुटुंबाला भेटतात तेव्हा त्या भेटीत कृतज्ञता असते आणि राजकारणही असते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

सत्तांतराचा काळ जवळून पाहणारा मराठी माणूस वेगळाच : वसंत वासुदेव परांजपे. पुण्यात बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासासाठी चिनी आणि तिबेटी शिकण्याची परंपरा होती. प्रा. वासुदेव गोखले यांनी फर्ग्युसनमध्ये ती रुजवली, तर प्रा. पु. वि. बापट यांनी पाली आणि चिनी ग्रंथांची तुलना केली. परांजपे त्याच वातावरणातून १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात गेले. जानेवारी १९४९ अखेर कम्युनिस्ट सैन्य शहरात आले तेव्हा ते तिथे विद्यार्थी होते. पुढे ते परराष्ट्र सेवेत गेले आणि १९५४ मध्ये नेहरूंच्या चीन दौऱ्यात दुभाषे होते. जुन्या पोथ्यांसाठी शिकलेली भाषा अशी थेट माओंच्या बैठकीत उपयोगी पडली. १९६२ च्या युद्धानंतर मात्र दोन्ही देशांमधली जा-ये आटली.

आज तिथे कोण राहते?

पत्रकार जवळजवळ नाहीत. व्हिसाच्या वादात दोन्ही देशांनी एकमेकांचे वार्ताहर परत पाठवले आणि २०२३ च्या मध्याला चीनमध्ये एकही भारतीय पत्रकार उरला नव्हता. थेट विमानसेवा २०२० पासून बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. यीवूच्या घाऊक बाजारात भारतीय व्यापारी आहेत. आपल्याकडच्या दुकानांतली किती तरी खेळणी आणि सजावटीचे सामान तिथूनच निघते. पण दीर्घ मुक्कामाचा सर्वांत मोठा गट वैद्यकीय विद्यार्थ्यांचा. करोनाकाळात भारतात अडकून पडलेल्या अशा विद्यार्थ्यांची संख्या २३ हजारांच्या आसपास सांगितली जात होती.

वर्ग इंग्रजीत असले तरी रुग्णालयातला रुग्ण चिनीच बोलतो. म्हणून या विद्यार्थ्यांना चिनी भाषेची ठरावीक पातळीची परीक्षा द्यावी लागते. प्रत्यक्ष प्रशिक्षणात भाषा येत नसेल तर मोठी अडचण होते, हे बीजिंगमधील भारतीय दूतावासानेही सप्टेंबर २०२२ च्या सूचनापत्रात नमूद केले होते. त्याच पत्रात आणखी एक आकडा होता : चीनमध्ये शिकून २०१५ ते २०२१ या काळात भारतातील पात्रता परीक्षेला बसलेल्यांपैकी जेमतेम १६ टक्के उत्तीर्ण झाले. त्यामुळे मायदेशी परतल्यावर पहिली काही वर्षे ही मुले शिकवणी वर्गात आणि प्रश्नसंचांत बुडालेली असतात. हबेई किंवा हूनानमधल्या एखाद्या म्हाताऱ्याचे दुखणे त्याच्याच बोलीत ऐकून घेतल्याचा अनुभव त्यांच्यापाशी असतो. त्याबद्दल या परीक्षेत एकही प्रश्न येत नाही.